विषय: फ्रॉस्टने बाग करपली – आता काय कापायचं, काय नाही?

नमस्कार मंडळी,
परवा पहाटे पारा उणे दोनवर उतरला. टोमॅटोची पानं काळी पडून लोंबतायत, हायड्रेंजियाचे शेंडे करपलेत, जपानी मेपलची कोवळी पालवी चुरचुरीत झालीय. कुंडीतल्या कढीपत्त्यावर एक पान उरलेलं नाही. सगळं छाटून खत घालावं का?

———

ताई, सिकेटर (छाटणीची कात्री) आधी खाली ठेवा. खतही नको.

बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढतो. पेशी सुकते, तिचं आवरण फाटतं. म्हणून पान आधी उकडल्यासारखं पाणीदार दिसतं, मग एक-दोन दिवसांत काळं पडतं. पानांचं हे लगेच कळतं. फांदी कुठवर मेलीय ते कळायला मात्र दोन-चार आठवडे लागतात. आजच कापलंत तर जिवंत डोळेही (फांदीवर नवी पालवी फुटते त्या जागा) जायचे, आणि वर राहिलेला वाळका शेंडा पुढच्या थंड रात्री खालच्या डोळ्यांना जो थोडा आडोसा देतो तोही जायचा.

मेपलला हात लावू नका. त्याचे झोपलेले डोळे काही आठवड्यांत दुसरी पालवी काढतात. तोवर पाहायचंच असेल तर शेंड्याकडून खाली येत नखाने साल किंचित खरवडा: आत हिरवं-ओलं असेल तर जिवंत, तपकिरी-कोरडं असेल तर आणखी खाली.

हायड्रेंजिया मोठ्या पानांचा, निळ्या-गुलाबी गेंदांचा असेल तर सांभाळून. बहुतेक जातींत त्याची फुलं गेल्या वर्षीच्या काड्यांवर येतात. जमिनीलगत कापलात तर यंदा नुसती पानंच बघत बसाल. काडीवर वरून पहिली जिवंत डोळ्यांची जोडी शोधा आणि तिच्या जरा वर कापा.

टोमॅटोचं वेगळं. खोड दाबून बघा. खाली घट्ट आणि हिरवं असेल तर जिवंत पानाच्या पेरावर साधारण एक सेंटीमीटर ठेवून कापा. पानाच्या बेचक्यातला फुटवा शेंड्याची जागा घेतो. फळ काही आठवडे उशिरा येईल, इतकंच. खोड मातीपाशीच काचेसारखं पारदर्शक किंवा पिचपिचीत झालं असेल तर उपटा. मऊ पडलेली पानंही कोरड्या दिवशी काढून टाका, नाहीतर त्यांच्यावर करडी बुरशी बसते आणि चांगल्या भागात शिरते. काकडी, तुळस, भेंडी काळी पडली असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, पुन्हा पेरा. बटाटा मात्र वरून पार जळला तरी कंदातून फुटतो.

कढीपत्ता आत उजेडात ठेवा आणि पाणी आवरा. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही; अशा वेळी झाड थंडीपेक्षा मुळकुजीने जातं. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.

———

> पानं काळी पडून लोंबतायत

काका, ऊन यायच्या आत पानांवर पाणी मारलं तर ती वाचतात असं बरेच जण सांगतात. त्यात तथ्य आहे का? आणि आमच्या सफरचंदाला पूर्ण बहर होता. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र आहेत, मग फुलं वाचली म्हणायची का?

———

पाकळ्यांवर जाऊ नका. दहा-वीस फुलं ब्लेडने उभी कापा. मधला स्त्रीकेसर आणि त्याखालचा बीजकोश तपकिरी-काळा असेल तर फळ गेलं, हिरवट असेल तर फुल शाबूत. पूर्ण बहरात उणे २.२ अंशांना साधारण १० टक्के फुलं मरतात, उणे ३.९ ला ९० टक्के. दीड-दोन अंशांत सगळा खेळ. गुच्छातलं मधलं फूल आधी उमलतं, म्हणून बहुधा तेच आधी मरतं. कडेची उरली तरी पुरेशी फळं धरतात. मात्र फळं धरलेली दिसेपर्यंत विरळणी करू नका.

पाण्याचं अर्धवट ऐकलेलं आहे. बागायतदार तुषार लावतात कारण गोठताना पाणी उष्णता सोडतं, ग्रॅममागे ८० कॅलरी. पण ते गोठण्याआधीपासून बर्फ वितळेपर्यंत अखंड चालावं लागतं. मध्येच थांबलं तर बाष्पीभवनाने पान उलट जास्त गार होतं. झारीने भागणारं काम नाही हे. त्यापेक्षा गोठलेल्या झाडांवर पूर्वेकडून सकाळचं ऊन थेट येणार नाही असा पडदा धरा, हळूहळू वितळू द्या.

———

आणि आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल तर पुन्हा तयारी ठेवा. पारा तीन अंश दाखवत असतानाही जमिनीलगत फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडतो. दुपारीच माती भिजवा, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. जुनी चादर झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडा. खोडाभोवती गुंडाळून बांधलीत तर मातीची ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच पान जळतं, म्हणून खाली काठ्या रोवा. सकाळी बर्फ वितळला की आवरण काढायचं.

खताचं म्हणाल तर नव्या फुटव्यावर दोन-तीन पानं पूर्ण उघडली की नेहमीच्या निम्मं. आधी नत्र दिलंत तर लुसलुशीत वाढ होते आणि पुढच्या थंडीत पहिली तीच जाते.