नाशिकमध्ये सुटा दार्जिलिंग चहा कुठे मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे रोजचा चहा म्हणजे आसामची सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा पावडर, आलं आणि गवती चहा घालून चांगला उकळलेला. तो सुटणार नाहीच. पण हल्ली बिनदुधाच्या चहाची गोडी लागलीय. ग्रीन टी ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोनच मिनिटं ठेवला की कडवट होत नाही, एवढं जमलंय. निलगिरीचा चहाही आवडला. आता फर्स्ट फ्लश दार्जिलिंग, म्हणजे मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा, चाखायचाय. रविवार कारंजा, मेन रोड किंवा गंगापूर रोडला कुणी ५०-१०० ग्रॅम सुटा देतं का? अर्ध्या किलोचा डबा नको. मला नाही आवडला तर सासूबाई तो आलं-दूध घालून उकळतील! आणि काश्मिरी कहवा घरी कुणी करतं का? केशर किती घालता?