मदत हवी आहे: बुलेटवर फोन नेमका कुठे बसवावा? (एक कॅमेरा गमावून झाला)

थंडगार_मेकॅनिक

नमस्कार मंडळी. माझा धंदा एसी-फ्रीज दुरुस्तीचा. राहतो डिचोलीत, पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आसगाव, शिवोली, हळदोणे, मयडे या बाजूचं. तिकडचे पत्ते कसे असतात ते गोव्यातल्यांना सांगायला नको. "चॅपलच्या मागे, आंब्याकडून आत, निळं गेट." आंबे पन्नास, निळी गेटं शंभर. त्यामुळे लोकेशन मागवून घेतो आणि मॅप लावून जातो.

गाडी रॉयल एनफिल्डची, २०१६ची क्लासिक ३५०. आठ महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये एक चिमट्यासारखा होल्डर बसवून घेतला, डाव्या आरशाच्या दांडीवर. तिथे का, तर मेकॅनिक म्हणाला "तिथे जागा आहे". मीही मान डोलावली. फोन कधी पडला नाही, हललाही नाही, मी खूश.

गेल्या महिन्यात एका बंगल्यावर आउटडोअर युनिटच्या पट्टीचा फोटो काढायला गेलो. मॉडेल नंबर लागतो ना पार्ट मागवायला. तर स्क्रीनवर अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी हलताहेत. हात स्थिर, युनिट स्थिर, चित्र मात्र लटलट. वर कॅमेऱ्यातून बारीक घर्र घर्र आवाज. मोबाइल दुरुस्तीवाल्याने फोन हातात घेण्याआधीच विचारलं, "बाइकवर लावता काय?" कॅमेरा बदलला, चार आकडी बिल झालं. आता फोन खिशात आणि मी दर नाक्यावर थांबून खिसा चाचपतोय.

तर विचारायचं असं, की जागा बदलली तर हे टळेल का? आरसा, हँडलचा मधला भाग, टाकी, यात काय बरं? की सरळ बाइकचा वेगळा जीपीएस घ्यावा? पावसात काय करता? आणि चार्जिंगची वायर कुठून काढता? धोपटायला म्हणून दुसरा फोन विकत घेण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही नाहीत. घरी एक जुना पडून आहे, तो चालेल का तेही सांगा.

दोन_चाकं

घर्र घर्र म्हणजे ओआयएस, म्हणजे फोटो स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा, गेलं. काही फोनमध्ये कॅमेऱ्याची लेन्स घट्ट बसवलेली नसते. चुंबकाच्या जोरावर ती तरंगती ठेवलेली असते, हात हलला की लेन्स उलट दिशेला सरकते आणि फोटो स्थिर येतो. हाताची थरथर सेकंदाला दहा-बारा वेळा. तुमची गाडी एका सिलिंडरची, ३००० आरपीएमला पिस्टनचे सेकंदाला ५० हेलपाटे, आणि २०१६च्या इंजिनात तो धक्का खाणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. तो २०२१च्या नव्या क्लासिकपासून आला. बिचारी लेन्स आठ महिने तासन् तास सावरत बसली आणि शेवटी थकली.

हे माझं अनुमान नव्हे. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच सूचना काढली होती, की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट बसवू नका, कंपनामुळे कॅमेरा बिघडू शकतो. स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर कंप शोषणारा माउंट वापरा, असंही त्यात आहे. फोन कुठल्याही कंपनीचा असो, आत तरंगती लेन्स असेल तर गोष्ट तीच.

अवांतर: फोन कानाशी धरून हलवल्यावर टकटक वाजतं म्हणून पुष्कळ जण घाबरतात. कॅमेरा बंद असताना ती लेन्स सैल असते, तिचा आवाज तो. बिघाड नव्हे.

आता जागा. आरशाची दांडी ही सगळ्यात वाईट जागा. खाली एका बोल्टवर उभी आणि वर जड डोकं. परीक्षा सोपी आहे. गाडी सत्तरवर न्या आणि आरशात बघा. मागची गाडी स्पष्ट दिसते की धूसर? धूसर दिसत असेल तर तेच धूसरपण फोनच्या वाट्याला येतंय. क्लासिकवर बहुतेकांना मागून येणारा ट्रक ट्रक म्हणून कळतो, नंबर वाचता येत नाही.

हँडलला दोन टोकं आणि मध्ये क्लॅम्प. टोकांना थरथर जास्त, मध्ये जिथे हँडल फोर्कला आवळलेलं असतं तिथे सगळ्यात कमी. गाडी मेन स्टँडवर लावा, थोडा ॲक्सिलेटर द्या आणि नखाने हँडलवर मध्यापासून टोकापर्यंत सरकत जा. नखालाच कळेल. होल्डर त्या क्लॅम्पला जितका चिकटून बसेल तितका बरा. आणि होल्डरचा हात आखूड ठेवा. लांब दांडीवर फोन डोळ्यासमोर छान येतो, पण दांडी लांब तितका झोका मोठा.

स्कूटरवाली_फोंडा

बुलेटवाल्यांना निवड तरी आहे. ॲक्टिव्हाचं हँडल प्लास्टिकमध्ये झाकलेलं, आम्हाला आरशाशिवाय दुसरी जागाच नाही. तीन वर्षं तिथेच लावते, कॅमेरा शाबूत आहे. पण माझ्या फोनला ते ओआयएस नाहीच, हे आत्ता वर वाचून तपासलं.

एक मात्र सांगते. होल्डरची पट्टी आरशाच्या नटाखाली घातली की आरसा हळूहळू सैल होतो. मडगावहून येताना बोरीच्या पुलावर आरसा गर्रकन फिरला आणि त्यात मला माझंच तोंड दिसायला लागलं. दातेरी वॉशर घाला आणि महिन्यातून एकदा पाना फिरवा. यामाहा असेल तर जास्त जपून, बऱ्याच मॉडेलना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. आमच्या भावाने आवळतो आवळतो म्हणत पूर्ण काढून हातात घेतला होता.

पायलटाचा_पोर

बाबा पंचवीस वर्षं पायलट होते. बाहेरच्या वाचकांसाठी: गोव्यात पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. त्यांना कुठला वाडा कुठे सुरू होतो आणि कुठल्या घरचं कुत्रं अंगावर येतं, सगळं पाठ. फोन हँडलवर लावणाऱ्यांना ते "टीव्ही बघत चालवणारे" म्हणतात.

थट्टा सोडा, पण मुद्दा आहे. ताशी चाळीसने जाताना गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. मॅपवर "इथून डावीकडे की पुढून" हे कळायला दोन सेकंद लागतात. म्हणजे बावीस मीटर तुम्ही आंधळे. हळदोण्याच्या त्या अरुंद रस्त्यावर बावीस मीटरमध्ये एक वळण, एक गाय आणि भाड्याच्या स्कूटरवरचे दोन पर्यटक सहज येतात.

टाकीवर तर लावूच नका. काही जण चुंबकाची बॅग ठेवतात, तुमची टाकी लोखंडी म्हणून ती चिकटेलही. कंप कमी लागतो हे खरं, पण बघायला हनुवटी छातीला लावावी लागते, आणि फुल हेल्मेट असेल तर तेही जमत नाही. शिवाय चुंबकाशेजारी फोनचं होकायंत्र वेडं होतं. चालत्या गाडीत कळत नाही, पण सिग्नलला थांबलात की बाण गरागरा फिरतो, नेमकं वळायचं कुठे हे ठरवायच्या वेळी.

माझी पद्धत: घरून निघताना पुढची तीन वळणं लक्षात ठेवायची, फोन खिशात, आवाज हेल्मेटमध्ये. कानात खुपसायचे इअरफोन नव्हेत. हेल्मेटच्या अस्तरात बसणारे चपटे स्पीकर मिळतात, त्यात हॉर्नही ऐकू येतो. मॅपमधली ती बाई आपल्या गावांची नावं काय उच्चारते ते विचारू नका, पण डावं-उजवं बरोबर सांगते.

थंडगार_मेकॅनिक

वा, एवढे प्रतिसाद! दोन_चाकं, आज आरशाची परीक्षा घेतली. अस्नोड्याच्या सरळ रस्त्यावर पासष्टलाच आरशातली बस विरघळली. म्हणजे मी आठ महिने फोन त्या चाळणीवर ठेवला होता.

पायलटाचा_पोर, तीन वळणं लक्षात ठेवणं मला शिवोलीपर्यंत जमतं, आत वाड्यात शिरल्यावर नाही. दिवसाला सहा-सात घरं असतात. बघावं लागतंच.

रानभूल

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. हातात फोन धरून चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० ते ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमात एवढी मुभा आहे, की असं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेने वापरता येईल. त्यामुळे होल्डरवर मॅप ठीक, होल्डरवर रील नाही.

आणि मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला आहे ना? भारतात तो २०१७पासून आहे, तरी अर्धे लोक मोटारीच्या पर्यायावर फिरतात. मग पर्वरीहून पणजीत येताना मॅप अटल सेतूवर चढायला सांगतो आणि तिथे दुचाकींना बंदी. पुलाच्या तोंडाशी थांबून उलट फिरणारे मी रोज बघतो.

दोन_चाकं

जुन्या फोनबद्दल उत्तर द्यायचं राहिलं. तोच लावा! कंपनीच्या माहितीत मुख्य कॅमेऱ्यापुढे ओआयएस लिहिलंय का बघा. नसेल तर उत्तम, असेल तरी त्या फोनच्या कॅमेऱ्याचं तुम्हाला काय करायचंय. सिम नको. खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट द्या, किंवा घरच्या वायफायवर गोव्याचा नकाशा उतरवून ठेवा. चोर्ला घाटात, सत्तरीत आत कुठे नेटवर्क गेलं तरी जीपीएस उपग्रहावर चालतो, नकाशा आधीच उतरवलेला असला की झालं. बॅटरी फुगलेली नाही ना एवढं मात्र पाहून घ्या. पाठीचं झाकण उचललेलं दिसलं तर तो फोन उन्हात अजिबात नको.

बाइकचा स्वतंत्र जीपीएस मी वापरला आहे. उन्हात स्वच्छ दिसतो, हातमोज्याने चालतो, पावसाला भीत नाही. पण किमतीत एक चांगला फोन येतो, आणि तुमचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवणार, ते त्यात पुन्हा टाकत बसावं लागतं. लांबच्या सफरीला ठीक, घरोघरी जाणाऱ्याला उपयोग कमी.

कंपरोधक जोड घ्याच. होल्डरचं डोकं आणि दांडी यांच्यामध्ये रबराच्या गुंड्यांवर तरंगणारा तुकडा असतो तो. हँडलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की काम झालं असं बरेच जण समजतात. त्याने क्लॅम्प सरकायचा थांबतो, कंप नाही.

बसवल्यावर, आवळण्याआधी, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. फोन टाकीला लागतो का, क्लचची केबल दाबली जाते का, हॉर्नच्या बटणापर्यंत अंगठा पोचतो का, स्पीडोमीटर झाकला जातो का. हे दुकानात बघायचं, अंजुण्याच्या उतारावर नाही.

मांडवीकाठी

पाऊस आणि ऊन यावर माझे दोन पैसे.

पाऊस: बरेच फोन पावसाने मरत नाहीत हल्ली, पण थेंब पडले की स्क्रीनला ते बोट वाटतं. मॅप आपोआप लहान-मोठा होतो, मध्येच कुणाला फोन लागतो. माझा एकदा बायकोच्या मामांना लागला होता आणि ते वीस मिनिटं पावसाचा आवाज ऐकत होते. जून ते सप्टेंबर मी स्क्रीन बघतच नाही, फोन रेनकोटच्या आत आणि फक्त आवाज. पारदर्शक पिशवीत घालून लावता येतो, पण पाऊस थांबून ऊन पडलं की त्याच पिशवीत फोन शिजतो.

ऊन: एप्रिल-मे, दुपार, स्क्रीन पूर्ण उजेडावर, वर चार्जिंग. बाहेर ३५ अंशांच्या पुढे गेलं की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग इशारा दाखवतो. मागचं जाड कव्हर काढा, आणि चार्जिंग सकाळच्या गारव्यात उरका. फोन भरलेला असेल तर दुपारी वायर काढून टाका.

वायर: थेट बॅटरीवरून ओढू नका, किल्ली बंद केली तरी चार्जर वीज पीत राहतो. किल्लीबरोबर चालू होणाऱ्या लाइनीवरून घ्या, मध्ये फ्यूज हवाच. ही वायर हँडलजवळ थोडी सैल सोडा. हँडल वळताना ती ताणली किंवा चिमटली तर काही महिन्यांत आतून तुटते आणि तुम्ही चार्जरला शिव्या देत बसता.

थंडगार_मेकॅनिक

दोन आठवड्यांनी येतोय, कामाचा हंगाम आहे.

जुना फोन लावला, ओआयएस नाही. होल्डर हँडलच्या क्लॅम्पला अगदी खेटून, डाव्या अंगाला, दांडी बोटभर. मध्ये रबराचा जोड. वायर मीच ओढली, वायरिंग हा आपलाच धंदा, ३ अँपिअरचा फ्यूज घातला. पहिल्या दिवशी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वायर टाकीच्या कडेला घासत होती, मांडवीकाठींची आठवण झाली, अर्धी वीत सैल सोडली. हेल्मेटात चपटे स्पीकर बसवले. आता बघणं असं होतं, की आवाज आला की एक नजर, तीही मुख्य रस्त्यावर नाही, वाड्यात शिरल्यावर, वीसच्या वेगात.

स्क्रीनवरची अक्षरं पन्नासपर्यंत वाचता येतात. साठच्या पुढे थरथर दिसतेच, पण साठच्या पुढे मी वाचतही नाही. चांगला फोन खिशात, काल मयड्याला युनिटच्या पट्टीचा फोटो काढला, स्क्रूचे आटेसुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ.

एक गैरसोय आहे. रात्री जुन्या फोनचा उजेड हेल्मेटच्या काचेत चमकतो. रात्रीचा रंग लावून आणि उजेड अगदी कमी करून भागलं, पण याहून चांगला उपाय कुणाकडे असेल तर सांगा.

पायलटाचा_पोर

काचेच्या आतल्या बाजूचे ओरखडे बघा आधी, त्यांच्यामुळेच जास्त चमकतं. माझी काच बदलल्यावर निम्मं कमी झालं.

अवांतर: आमच्या एसीतून आत पाणी गळतंय, रविवारी येता का? पत्ता: चॅपलच्या मागे, दुसरं घर. बाबा म्हणतात लोकेशन कशाला, तिठ्यावर कुणालाही विचारा म्हणावं.

थंडगार_मेकॅनिक

येतो. पाण्याची नळी तुंबली असेल, तोवर एसी बंद ठेवा. आणि बाबांना नमस्कार सांगून लोकेशन पाठवा.