जालन्यात ढोबळीसाठी शेडनेट की पॉलिहाऊस?

प्रश्न: 10 गुंठे ढोबळी मिरची लावायचीय. मे महिन्यात पारा 42 पर्यंत जातो. काय उभारावं?

उत्तर १: शेडनेटच, म्हणजे सावलीच्या जाळीचं घर घ्या, दादा. पॉलिहाऊसच्या 200 मायक्रॉन जाडीच्या प्लॅस्टिक कागदाखाली गरम हवा कोंडते. वरची खिडकी अपुरी असेल तर आत बाहेरपेक्षा जास्त तापतं आणि 35 अंशांपुढे फुलगळ होते. 50 टक्के सावलीची जाळी पुरे. 75 टक्क्यांची नको, झाडं नुसती उंच वाढतात.

उत्तर २: पण जाळी पाऊस अडवत नाही! गादीवाफे फूटभर उंच करा, नाहीतर मर (झाडं सुकून मरण्याचा रोग) लागते. बाजूंना 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) कीटकजाळी हवीच, तरी फुलकिडे शिरतात; निळे चिकट सापळे लावा.

उत्तर ३: जाळी ताणून बसवा. सैल राहिली की वळवाच्या वाऱ्यात फडफडून फाटते.