मदत हवी आहे: पॅलेटवर शिक्का आहे, तरी सीएचए (कस्टम एजंट) नको म्हणतोय

टेरी_सोलापूर: टॉवेलचे कार्टन पॅलेटवर बांधून तयार आहेत. गुरुवारी कंटेनर लागतोय, न्हावा शेवाला जाणार. पॅलेट लाकडी आहेत, निर्यातीला लागतो तो लाकडातली कीड मारल्याचा शिक्का त्यांवर आहे, तरी सीएचए म्हणतो चालणार नाही. काय करू? लवकर सांगा.

चिंचोली_पॅकर: माल कुठल्या देशाला? शिक्क्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह, आयएन (म्हणजे भारत), प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि एचटी (भट्टीत तापवलेलं) किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं), एवढं आहे का?

टेरी_सोलापूर: जर्मनी. शिक्का बरोबर आहे ओ. मागच्या वर्षीची पॅलेट आहेत.

अक्कलकोट_रोड: शिक्क्याला मुदत नसते, जुनी चालतात. पण लाकूड कशाला? प्लॅस्टिकची घ्या, कटकटच नाही.

फळीवाला: पॅलेट परत येणार नाही आणि प्लॅस्टिक घ्या म्हणे! भाव विचारलाय का? प्लायची करा, प्लायला हा नियमच नाही.

चिंचोली_पॅकर: खाली भरीव लाकडाचे ठोकळे असले तर प्लायच्या पॅलेटलाही शिक्का लागतो. टेरी, दुरुस्ती झालीय का?

टेरी_सोलापूर: वरच्या एक-दोन फळ्या बदलल्यात काहींच्या. त्यात काय एवढं?

चिंचोली_पॅकर: घोडं तिथंच अडलंय. एक तृतीयांशापर्यंत लाकूड बदललं तर नवी फळी प्रक्रिया केलेलीच हवी आणि तिच्यावर वेगळा शिक्का हवा. त्याहून जास्त बदललं तर जुने शिक्के पुसून अख्खी पॅलेट पुन्हा भट्टीत. गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, मग नवा शिक्का. तोही मान्यताप्राप्त भट्टीवालाच मारणार, मार्करनं लिहिलेला चालत नाही. नव्या फळीची सालही बघा. ३ सेंमीहून रुंद तुकडा असेल तर तो ५० चौ. सेंमीच्या आतच हवा.

गोदाम७७: एवढं कशाला? कंटेनरमध्ये फॉस्फिनच्या गोळ्या टाका, सर्टिफिकेट मिळतं.

चिंचोली_पॅकर: ते मालाच्या किडीसाठी. लाकडाच्या नियमात फॉस्फिन नाहीच. तिकडं पॅलेटवरचा शिक्काच बघतात.

टेरी_सोलापूर: गुरुवारपर्यंत भट्टी मिळणार नाही.

चिंचोली_पॅकर: मग बदललेली पॅलेट बाजूला काढा. त्यांवरचे कार्टन थेट कंटेनरच्या फ्लोअरवर लावा, पण आधी खरेदीदाराची मेलवर परवानगी घ्या. आणि दाराशी मारता त्या पाचरी, आडव्या पट्ट्या? त्याही शिक्क्याच्याच लागतात.

फळीवाला: ओलही मोजा. २० टक्क्यांच्या वर असेल तर टॉवेलला बुरशी धरते, मग शिक्का कितीही चोख असो.

टेरी_सोलापूर: मेल टाकतो. पाचरी कुठल्या ते बघावं लागेल.

गोदाम७७: पॅलेटवर जीएसटी किती लागतो?

चिंचोली_पॅकर: वेगळा धागा काढा.