महाग वाद्यांची ऑनलाइन विक्री: आपापले अनुभव लिहावेत

आईचा मिरजेचा तानपुरा विकायचा निर्णय आम्ही वर्षभर पुढे ढकलला होता. ती गेल्यापासून तो गवसणीत घालून कोपऱ्यात उभा होता, तारांना गंज चढू लागला होता, आणि तो एखाद्या गात्या घरात जावा एवढीच आमची इच्छा होती. शेवटी एका ऑनलाइन बाजारात ३५ हजारांना जाहिरात टाकली आणि दहा मिनिटांतच एका गृहस्थांचा फोन आला. आपण लष्करात आहोत, मुलीला गाणे शिकायचे आहे, असे सांगून त्यांनी ओळखपत्राचा फोटोही पाठवला. किंमत कमी करा असे ते म्हणाले नाहीत. पट्टी कोणती (म्हणजे तो कोणत्या सुरात लागतो), भोपळा, म्हणजे खालचा पोकळ भाग, कुठे तडकला आहे का, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जवारी (झंकारासाठी केलेली घासणी) कधी काढली, यातले काहीच त्यांनी विचारले नाही, आणि मी तिथेच थांबायला हवे होते.

खाते बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी ५ रुपये पाठवले आणि ते जमा झाले. मग क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून पिन टाकला की १० हजार आगाऊ मिळतील, असे त्यांनी सांगितले. मी पिन टाकला आणि माझेच १० हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे मला चांगले ठाऊक होते. पण तो माणूस फोनवर एकसारखा बोलत होता आणि त्या बोलण्यात ते माझ्या ध्यानात आले नाही. मुलाने लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, म्हणून समोरच्या खात्यात उरलेले ४ हजार तरी गोठवले गेले. ज्यांनी वाद्य असे विकले किंवा विकायचा प्रयत्न केला, त्यांनी झालेला प्रकार तपशीलवार लिहावा आणि गेलेली रक्कम सांगायला संकोच करू नये, अशी विनंती आहे.

सतार, नाशिक

मला कोणी फसवले नाही, तरी ४० हजारांची सतार गेली. घेणारा बंगळूरचा विद्यार्थी होता आणि त्याने सगळे पैसे आधीच दिले होते. मी सतार गवसणीत घालून, थर्माकोल लावून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून कुरिअरने पाठवली. तारा उतरवल्या नाहीत. खोके पोहोचले तेव्हा भोपळ्याला खालपासून वरपर्यंत चीर गेली होती आणि दांडीचा जोड सुटला होता. हा भोपळा म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारे, वाळवून पोकळ केलेले फळ असते. तारांचा ताण जोडावर असताना खोके आदळले की ते टिकत नाही. विम्याचे पैसे वाचवण्यासाठी मी पावतीवर ‘घरगुती सामान, २ हजार’ असे लिहिले होते, त्यामुळे भरपाईही तेवढ्याच हिशेबाने मिळाली. त्या मुलाचे पैसे मी परत केले. नंतर मिरजेच्या एका कारागिराने मला समोर बसवून दाखवले: तारा सैल सोडायच्या, घोडी काढून वेगळी गुंडाळायची, भोपळ्याभोवती फोम इतका घट्ट भरायचा की खोका हलवला तरी आतले काही हलू नये, आणि बाहेरून फळ्यांचा खोका ठोकून घ्यायचा.

हार्मोनियम, पुणे

स्केलचेंजर (मूळ सूर बदलता येणारी) पेटी, जर्मन रीड (आवाज देणाऱ्या धातूच्या जिभा), किंमत ६५ हजार. घेणाऱ्याने सात दिवसांनी ‘सूर नीट नाहीत’ म्हणून ती परत केली आणि संकेतस्थळाच्या नियमाप्रमाणे मला ती घ्यावी लागली. उघडून पाहिली तेव्हा रीड बदललेल्या होत्या. स्क्रूंच्या माथ्यांवर पेचकसाचे ताजे ओरखडे होते. माझ्याकडे पेटीचे बाहेरचे फोटो भरपूर होते, आतला एकही नव्हता. आता पेटी पाठवण्याआधी ती उघडून प्रत्येक रीडचा फोटो आणि प्रत्येक सूर वाजवतानाचे चित्रीकरण ठेवतो.

सतार, न्यू जर्सी

माझी किंमत १,९०० डॉलर होती. आलेला चेक २,८०० डॉलरचा होता. वरचे ९०० डॉलर वाद्य न्यायला येणाऱ्या माणसाला पाठवा, असे घेणाऱ्याने कळवले. दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसू लागली म्हणून मी पैसे पाठवले, आणि दोन आठवड्यांनी बँकेने चेक खोटा असल्याचे सांगून सगळी रक्कम परत वळती केली. अमेरिकेत चेकची रक्कम खात्यात दिसणे आणि चेक खरोखर वटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सुदैवाने सतार घरातून गेलेली नव्हती.

जुनी सतार, मुंबई

माझे पैसे बुडाले नाहीत, पण मी मोठ्या अडचणीत आलो असतो. आजोबांच्या सतारीचे वर्णन करताना मी ‘घोडी सांबरशिंगाची, नक्षी हस्तिदंताची’ असे अभिमानाने लिहिले होते. एका वकील मित्राने ती जाहिरात त्याच रात्री काढायला लावली, कारण हस्तिदंत काय किंवा सांबरशिंग काय, त्यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरते आणि वस्तू वडिलोपार्जित असली तरी ती विकायची मोकळीक मिळत नाही. सतार आता घरातच राहील.

पुन्हा तानपुऱ्याविषयी

वरचे सगळे वाचून मी नवी जाहिरात दिली. तानपुऱ्याच्या आत चिकटवलेल्या कारागिराच्या चिठ्ठीचा आणि आईच्या खरेदीच्या पावतीचा फोटो जोडला, कारण मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मिरजेचा म्हणून विकायचा तर त्याला आधार हवा. इचलकरंजीहून एक बाई आपल्या गुरूंना घेऊन आल्या. गुरूंनी आधी भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून सगळीकडे कानोसा घेतला, मग घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी जुळवली, आणि तासभर एक अक्षर न बोलता षड्ज ऐकत बसले. पैसे आमच्यासमोरच पाठवले गेले. मी संदेशावर विसंबले नाही, खाते उघडून रक्कम जमा झालेली पाहिली. तारा मात्र सगळ्या नव्या घालाव्या लागतील असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते, म्हणून मी त्यांना २ हजार परत दिले.