सप्टेंबरअखेर पान हिरवं राहणारं सोयाबीन वाण घ्यावं का?

काळीमाती (परभणी)
माझं मत: घ्यावं. आपण वाण निवडताना किती दिवसांत काढणीला येतं एवढंच विचारतो. दाणा भरतो शेवटच्या महिन्यात, आणि तो मुख्यतः त्या दिवसांत पान जे अन्न तयार करतं त्यावर भरतो. पान आठवडाभर जास्त चाललं तर तो आठवडा थेट दाण्यात उतरतो. म्हणून ८५ दिवसांच्या आसपास येणाऱ्या जेएस ९५-६० ऐवजी १००-१०५ दिवसांचं फुले संगम परवडतं. ते तांबेरा या पानांवरच्या रोगालाही बऱ्यापैकी टिकतं, म्हणजे ऐन भरणीत पानं गळत नाहीत.

बरडवाला (यवतमाळ)
भाऊ, हे तुमच्या भारी जमिनीचं गणित झालं. आमच्या वावरात वीतभर मातीखाली मुरूम आहे. सप्टेंबरात पावसानं उघडीप दिली की दुपारी पानं माना टाकतात. पानावरची रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत जाणं जवळपास थांबतं. पान हिरवंगार दिसतं, पण काम बंद. २०२३चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा. अशा साली लवकर भरून मोकळं होणारं वाणच वाचतं. शिवाय मागं हरभरा आहे. पंधरा दिवस उशीर झाला की ओल उडते, मग हरभरा कशावर उगवेल?

पर्णरंध्र (पुणे)
दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे नत्राची भूक प्रचंड. नेमकं भरणीच्या काळात मुळांवरच्या गाठींचं, म्हणजे हवेतलं नत्र झाडाला मिळवून देण्याचं, काम उतरत जातं. मग झाड स्वतःच्या पानातलं नत्र काढून दाण्याला देतं. पानातला नत्राचा मोठा साठा म्हणजे रुबिस्को, कार्बन पकडणारं विकर. ते मोडायला लागलं की प्रकाशसंश्लेषण घटतं, पान पिवळं पडतं ते त्यानंतर. सिंक्लेअर आणि डी विट यांनी १९७०च्या दशकातच हे मांडलं होतं: दाणा भरण्यासाठी हे पीक स्वतःची पानं संपवतं.

शेतात शेंगा खुडून केलेले प्रयोगही आहेत. खुडलेल्या झाडांची पानं हिरवी राहिली, पण त्यांचं प्रकाशसंश्लेषण घटलंच. तेव्हा नुसत्या रंगावरून वाण निवडू नका. पानाचं खरं काम कळतं ते वायूंची देवाणघेवाण मोजणाऱ्या यंत्रावर. हिरवेपणा मोजणारं मीटर तेवढं सांगत नाही.

काळीमाती (परभणी)
ताई, रंगाचं पटलं. पण मग गाठी जास्त दिवस चालणारं वाण शोधायला हवं ना? तसं झालं तर झाडाला पान मोडायची घाई राहणार नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९२३ ते २००७ या काळातली वाणं एकाच शेतात लावून तुलना झाली. नवी वाणं जास्त दिवस उभी राहिली, कमी लोळली आणि त्यांनी जास्त ऊन पकडलं. उत्पन्न वाढण्यात त्याचाही वाटा होता.

बरडवाला (यवतमाळ)
इलिनॉयची माती खोल. आणि तिथं सोयाबीनमागं हरभरा पेरायची घाई नसते.

चक्रीभुंगा (वाशिम)
मधेच बोलतो. आमच्या भागात शेवटी हिरवं राहिलेलं सोयाबीन दिसलं की पोटात गोळा येतो. फुलं गळाली, शेंगा धरल्याच नाहीत, तर नत्र ओढून घ्यायला दाणाच नसतो आणि झाड हिरवं राहतं. काही दुकानदार त्यालाच ‘टॉनिकचा रिझल्ट’ म्हणून दाखवतात. याची मला मनापासून चीड येते.

पर्णरंध्र (पुणे)
अगदी बरोबर. काळीमाती, भारी रानात, भरणीला एक पाणी देता येत असेल तर उशिराचं वाण जरूर लावा. कोरडवाहू बरडावर मी तरी ते सुचवणार नाही. यंत्र हाताशी नसेल तर काढणीनंतर दोन्ही वाणांचं एकरी उत्पन्न आणि शंभर दाण्यांचं वजन लिहून ठेवा. वजनाची तुलना मात्र त्याच वाणाच्या मागच्या सालाशी करा, कारण दाण्याचा आकार मुळातच वाणागणिक वेगळा असतो.

बरडवाला (यवतमाळ)
लिहून ठेवतो, ताई. पण पेरणार लवकरचंच. हरभऱ्याचं उत्पन्नही त्याच वहीत धरा, मग बोलू.