मदत हवी आहे: वहीच्या पुठ्ठ्यावर लेगोची प्लेट टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. हाताने वह्या शिवायचा नाद आहे. चतुर्थीला भाचीचा मुलगा येणार, त्याच्यासाठी ए-५ मापाची वही करतेय. मुखपृष्ठावर लेगोची प्लेट, म्हणजे स्वतःचं नाव, होडी, काय हवं ते ठोकळ्यांनी लावावं आणि उद्या मोडून दुसरं करावं.

प्लेट १६ बाय १६ बटणांची (बटणं म्हणजे ठोकळे अडकवायचे गोल उंचवटे). दर बटणाला ८ मिमी, म्हणजे १२.८ सेंमी. पुठ्ठा १४.८ रुंद, दोन्ही कडांना एकेक सेंमी सुटतो. इथवर झकास.

पांढऱ्या गोंदाने चिकटवली, रात्रभर पाट्याखाली दाबली. सकाळी बोट लावताच निघाली. सुपरग्लूने चिकटली, पण कडेने पांढरी धूळ धरली आणि चार दिवसांत एक कोपरा सुटला. वर पुठ्ठ्याची चौकट बसवावी, तर शेवटच्या बटणापासून प्लेटच्या कडेपर्यंत जेमतेम दीड मिमी जागा. शिवाय पुठ्ठ्यावर खळीने (पिठाच्या चिकीने) कागद लावला, तर पुठ्ठा होडीसारखा वाकलाय. आमचे हे म्हणतात, "पावसात खळ कोण लावता गो?"

काय करू?

प्रतिसाद:
ताई, प्लेट पालथी करून बघा. खालून पोकळ असते. पुठ्ठ्याला टेकतात फक्त कडा आणि नळ्यांची तोंडं, मग गोंद धरणार कुठे? त्यात पांढऱ्या गोंदातलं पाणी प्लास्टिक पीत नाही. गोंदाचा नाद सोडा, शिवून टाका. चार बटणांच्या मधोमध बारीक भोक पाडा (खाली नळीची पोकळी येते, पातळ पापुद्राच भोसकायचा) आणि मेणदोऱ्याने पुठ्ठ्याला टाका घाला. कोपऱ्यांत चार, मध्ये दोन. टाक्यावर बसवलेला ठोकळा किंचित उचललेला राहील, तेव्हा जागा बघून निवडा. गाठी आतल्या अस्तराखाली जातील.

दुसरा प्रतिसाद:
पुठ्ठा वाकणारच, कागद एकाच बाजूने लावला असेल तर. आतूनही तेवढाच लावा, म्हणजे ताण सारखा होईल. खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी. मोरचूद विषारी असतो, पोराच्या हाती खळ देऊ नका.

मूळ लेखिका:
पालथी केली. गोंदाच्या नुसत्या गोल गोल कडा उमटल्यात, कोणी बाटलीच्या झाकणाने ठसे मारावेत तशा! मी दोन दिवस वरूनच दाबत बसले होते. ड्रिल घरात नाही. दाभण तापवून चालेल?

पहिल्यांचा प्रतिसाद:
नको. वितळलेल्या प्लास्टिकचा धूर नाकात जातो आणि भोकाभोवती गोळा उठतो, वर ठोकळा बसत नाही. सुताराकडचा हातड्रिल दहा मिनिटांसाठी मागा. दीड मिमीचं पातं, खाली लाकडाचा तुकडा. आणि आधी पुठ्ठ्याला भोकं, मग प्लेटला, असं नको. दोन्ही एकत्र धरून पाडा.